दाट पाणगवतातील मस्की आणि स्पिनरबेट

आपण लिहिले आहे की, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या लेक मिनेटोंका या तळ्यावर दोन उन्हाळे मस्की या मोठ्या, दातेरी शिकारी माशाच्या मागे घालवूनही दाट पाणगवतात प्रत्येक आमिष अडकत असल्यामुळे आपण स्पिनरबेट घेतले. परंतु त्यालाही गवताचे झुबके येतात आणि मासा धडकूनही गळाला लागत नाही, तेव्हा मागे आणखी एक ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचा गळ, जोडावा का? माझे उत्तर असे की, तो अजिबात जोडू नये.

स्पिनरबेटची सारी करामत त्याच्या तारेच्या घडणीत आहे. ही तार व्ही अक्षरासारखी वाकवलेली असते. वरच्या भुजेवर पाती फिरतात, खालच्या भुजेला शिशाचे डोके आणि एकच मोठा गळ असतो, आणि त्या गळाचे टोक वर, तारेच्या आडोशाला असते. आमिष पुढे सरकते तेव्हा देठाला आधी तार भिडते, देठ बाजूला सरतो आणि गळ त्याच्या मागून सुटून जातो. ट्रेबल हुक मागे लोंबू लागला की त्याचे निदान एक टोक तरी या आडोशाबाहेर राहते आणि गवत गोळा करते. मासा आमिषाची शेपटीच धरून सोडत असेल, तर एकेरी गळ, त्याचेही टोक वरच ठेवून, मागे ओवावा आणि रबरी नळीच्या बारीक तुकड्याने पक्का करावा.

तरीही झुबके येत असतील, तर आमिष पाण्यात आडवे पडत आहे, असे समजावे. होडीच्या कडेला स्वच्छ पाण्यात ते एकदा ओढून पाहावे. समोरून पाहताना वरची भुजा बरोबर गळाच्या डोक्यावर दिसली पाहिजे. ती डावी-उजवीकडे झुकलेली असेल, तर बोटांनी हळूहळू वाकवून एका रेषेत आणावी. मोठा मासा लागून गेल्यावर ही तपासणी प्रत्येक वेळी करावी लागते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकली असेल, तर ते आमिष बाजूला ठेवावे, कारण ती तुटते ती नेमकी चांगल्या माशाच्या वेळी. विकत घेताना जोडाच्या जागी तारेला बंद वेढा आहे ना, हेही पाहावे. उघड्या बाकावर लीडरची, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधील न चावता येणाऱ्या मजबूत तुकड्याची, क्लिप सरकून वरच्या भुजेवर जाते, आणि मग आमिष नीट चालतच नाही. मस्कीच्या दातांपुढे लीडर हवाच.

आमिष आडवे पडण्याचे दुसरे कारण वेग. बहुतेक जण स्पिनरबेट फार घाईने ओढतात. मी एक ते दोन औंसांचे आमिष, 80 पौंडांची विणलेली दोरी आणि साडेआठ फुटांची दणकट काठी वापरतो, आणि पात्यांची थरथर काठीच्या मुठीत जेमतेम जाणवेल एवढ्याच वेगाने रीळ फिरवतो. ती थरथर थांबली की पात्याला गवत लागले, असे समजून काठीचा एक जोरदार हिसका द्यावा. कुरकुरीत देठ त्या हिसक्याने तुटून जातात, आणि दबा धरून बसलेला मासा अनेकदा त्याच क्षणी झडप घालतो. आमिष देठांना भिडलेच नाही, तर आपण गवतात नव्हे, गवताच्या वर मासेमारी करत आहोत.

येथे गवताची जात ओळखणे महत्त्वाचे ठरते. येथील गळवाले ज्याला कॅबेज म्हणतात, ते रुंद पानांचे, उभे, ताठ गवत स्पिनरबेटसाठी सर्वांत उत्तम. देठांमध्ये अंतर असते आणि हिसक्याने ते मोडतात. कूनटेल हे गवत मऊ आणि गुंतागुंतीचे असते, त्यात आमिष रुतते, म्हणून त्याच्या फक्त कडा धराव्यात. 1987 साली मिनेटोंकात आढळलेले युरेशियन मिलफॉइल हे पाणगवत पृष्ठभागावर गालिच्यासारखे पसरते. त्या गालिच्यावर श्रम वाया घालवण्यापेक्षा त्यातील मोकळी भोके शोधावीत. उन्हाळा सरत आल्यावर गवत तपकिरी पडू लागले, तर ते सोडून अजून हिरवे असलेले शोधावे.

या भोकांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मला सर्वाधिक मासे तेथेच मिळाले आहेत. लहानपणी खाडीवर गरवायला जात असू, तेव्हा खडकांतील फटीत गरी नेमकी सोडायची आणि वाट पाहायची, हे वडीलधाऱ्यांनी शिकवले होते. ती सवय येथे उपयोगी पडली. भोकाच्या पलीकडे फेकावे, आमिष गवताच्या शेंड्यांवरून भोकाच्या कडेपर्यंत आणावे आणि रीळ थांबवावे. अशा वेळी मी एकाच मोठ्या, गोलसर कोलोरॅडो पात्याचे स्पिनरबेट लावतो, कारण ते पडतानाही गरगरत राहते. शेंड्यांवरून सलग ओढायचे असेल, तेव्हा मात्र निमुळती विलो पाती बरी. ती तारेलगत फिरतात आणि कमी गवत धरतात. गेल्या ऑगस्टमधील एका संध्याकाळी, खाटेएवढ्या एका भोकात आमिष खाली जात असताना माझी दोरी अचानक ढिली पडली. कसलाही धक्का नव्हता. मासा आमिष घेऊन माझ्याच दिशेने पोहत होता. मी भराभर दोरी गुंडाळली, ती ताठ झाल्यावर काठी खाली, आडवी ओढली, आणि पुढच्या क्षणी गवताचा अख्खा भारा डोक्यावर घेऊन 44 इंचांची मादी वर आली. आपले मासे धडकून सुटतात, त्याचे कारण बहुधा या ढिल्या दोरीत किंवा बोथट गळात असावे. टोक नखावर टेकवावे. ते घसरले, तर कानशीने पुन्हा धार लावावी.

मासा लागल्यावर काठी उंच ठेवून त्याचे डोके वर धरावे आणि त्याला पुन्हा खाली शिरू देऊ नये. तो गवतात रुतलाच, तर ओढाताण न करता होडी त्याच्याकडे न्यावी. होडीशी आलेल्या प्रत्येक फेकीचा शेवट, फूटभर दोरी बाहेर ठेवून, आमिषामागून आलेल्या माशासाठी पाण्यात इंग्रजी आठाचा आकडा काढून करावा. त्यासाठी होडी गवताच्या बाहेरील कडेला, मोकळ्या पाण्यावर उभी करणे सोयीचे.

एकेरी गळाचा आणखी एक फायदा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो : तो लांब चिमट्याने पटकन निघतो, आणि मासा मोठ्या जाळ्यातच, पाण्यात ठेवून सोडता येतो. मिनेसोटात बहुतेक पाण्यांत 54 इंचांखालील मस्की ठेवता येत नाही. त्याहून मोठी मादीही मी सोडतोच. पाण्याचे तापमान 80 अंश फॅरनहाइटच्या वर गेले असेल, तर कृपया मस्कीला गळ टाकू नका. कोमट पाण्यात झुंजून दमलेला मासा पोहत गेलेला दिसला, तरी नंतर मरू शकतो.

किनाऱ्यावर आल्यावर ट्रेलर, नांगर आणि आमिषाच्या रबरी झालरीत अडकलेले गवत बोटांनी काढून टाकावे. मिलफॉइलचा एवढासा तुकडाही दुसऱ्या तळ्यात रुजतो, आणि ते गवत घेऊन रस्त्यावर निघणे मिनेसोटात कायद्याने मना आहे.