फ्लोरिडातली जुनी जेमिनी घेताय? सर्व्हेआधी तिच्यावरचा बोजा बघा

ही बोट घेण्याआधी काय बघावं, हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. राहता मिनेसोटात, बोट फोर्ट मायर्सजवळ, १९९०च्या दशकातली जेमिनी कॅटॅमरॅन (दोन हल, म्हणजे दोन सांगाडे, जोडून केलेली शिडाची बोट), तुमच्याकडे ग्रीन कार्ड आणि ब्रोकर म्हणतोय लवकर ठरवा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. मी हेच डेन्व्हरला बसून केलंय, तेही अशाच बोटीसाठी.

सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा, स्वतःचा असावा, ब्रोकरने सुचवलेला नको, बोट पाण्याबाहेर काढून बघावी, इंजिनची तपासणी वेगळी करावी, हे तुम्हाला माहीत असणारच. त्यात शिरत नाही. पण तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात: "बोट कोस्ट गार्डकडे डॉक्युमेंटेड आहे, त्यामुळे कागदपत्रांची चिंता नाही." सगळी चिंता तिथेच आहे.

अमेरिकेत अशा बोटीची मालकी राज्याकडे टायटल, म्हणजे मालकीचा कागद, घेऊन नोंदवता येते, नाहीतर केंद्राकडे, म्हणजे कोस्ट गार्डच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटरमध्ये. ही दुसरी नोंद फक्त अमेरिकन नागरिकाच्या नावावर होते. ग्रीन कार्ड चालत नाही. म्हणजे तुम्हाला विकण्यासाठी ती बोट आधी केंद्राच्या नोंदीतून काढावी लागणार, त्याचं डिलीशन सर्टिफिकेट मिळणार, आणि ते दाखवल्यावर राज्य टायटल देणार. बोटीवर कधीकाळी कर्ज नोंदलेलं असेल आणि ते फिटल्याचा कागद तिथे पोचलेला नसेल, तर कर्ज देणाऱ्याच्या संमतीशिवाय डिलीशन होत नाही. गावाकडे जमीन घेताना सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा दिसतो, कर्ज केव्हाच फिटलेलं असतं पण बोजा उतरवायला कोणी गेलेलं नसतं. इथेही तेच.

माझ्या बोटीचा विकणारा सज्जन माणूस होता. त्याने ती रोखीने घेतलेली, कर्ज त्याच्या आधीच्या मालकाचं. तो मालक वारलेला. ज्या बँकेने कर्ज दिलं ती दुसऱ्या बँकेने गिळली, तिला तिसरीने. तिसऱ्या बँकेत फोन केला की पहिला प्रश्न, "अकाउंट नंबर?" मयत माणसाच्या जुन्या कर्जाचा नंबर मी कुठून आणू? शाखेत गेलो तर म्हणाले, बोटींच्या कर्जाचा विभाग आमच्याकडे नाही. विभागाचा पत्ता मागितला तर तो शाखेतून मिळेल म्हणाले. शेवटी एक पत्र आलं, बँकेच्या लेटरहेडवर, "आमच्या माहितीनुसार काही बाकी नाही." मला हायसं वाटलं. पण त्यावर नोटरीचा शिक्का नव्हता, बोटीचा ऑफिशियल नंबर, म्हणजे केंद्राच्या नोंदीतला नंबर, नव्हता, मूळ कर्ज कुठे नोंदलंय त्याचा उल्लेख नव्हता. असं पत्र नोंदणीसाठी निरुपयोगी. पुन्हा पहिल्यापासून.

हे सुटल्यावर राज्याच्या वतीने टायटल देणाऱ्या कार्यालयाचा फेरा. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज परत केला, कारण सर्टिफिकेटवरच्या हल नंबरात (सांगाड्यावरच्या ओळख नंबरात) जिथे शून्य होता तिथे बिल ऑफ सेलवर इंग्रजी ओ टाइप झाला होता. ठीक आहे, चूक म्हणजे चूक. पण त्याच वेळी सांगितलं नाही की विकणाऱ्याची सहीसुद्धा त्यांना वेगळ्या फॉर्मवर हवी आहे. ते पुढच्या खेपेला कळलं. एका वेळी एकच त्रुटी सांगायची, ही पद्धत पाहून आजही संताप होतो. तोवर बोट जिथे ठेवली होती त्या यार्डचं भाडं दर महिन्याला चालूच. वादळाचा मोसम १ जूनला सुरू होतो, आणि मालकीचा कागद नाही म्हणून विमा कंपनी पॉलिसी द्यायला तयार नाही. बोटीच्या दुरुस्तीवर लावायचे पैसे असे उभ्याउभ्या गेले.

म्हणून माझं मत ठाम आहे: सर्व्हेयरला पैसे देण्याआधी त्या बोटीचा ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल मागवा. तो कोणालाही थोडी फी भरून त्याच सेंटरकडून मिळतो, ऑफिशियल नंबर पुरतो. आजवरचे सगळे खरेदीखत, कर्ज, नोंदलेले दावे त्यात ओळीने दिसतात. कर्जापुढे ते फिटल्याची नोंद नसेल तर ती आणणं हे विकणाऱ्याचं काम, आणि ते करारात लिहून घ्या. ब्रोकर म्हणेल "सगळं क्लिअर आहे." त्याला विचारा, ॲबस्ट्रॅक्ट कुठल्या तारखेचा आहे? डिलीशन सर्टिफिकेट हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यातच, राहू द्या. बँक नाहीशी झाली असेल तर एफडीआयसीच्या (बँकेतल्या ठेवींचा विमा देणारी केंद्राची संस्था) बँकफाइंड या शोधयादीत ती कोणात विलीन झाली ते सापडतं. बुडालेली असेल तर बोजा उतरवण्याचा अर्ज खुद्द एफडीआयसीकडे करता येतो.

आणखी एक. ॲबस्ट्रॅक्ट कोरा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. यार्डचं थकलेलं बिल, दुरुस्तीवाल्याचे पैसे हे अमेरिकन सागरी कायद्यात बोटीला चिकटतात, मालकाला नव्हे, आणि ते कुठेही नोंदलेले नसले तरी नव्या मालकाच्या मागे येतात. ज्या यार्डात आणि मरीनात ती उभी होती तिथे स्वतः फोन करा आणि बाकी नसल्याचं ईमेलवर घ्या.

मी वकील नाही, राज्याराज्यात फॉर्म वेगळे, नियम बदलतात. सागरी कामं करणाऱ्या वकिलाचा एक तास घेतलात तरी तो खर्च वाया जाणार नाही.

बोटीबद्दलही थोडं बोलतो. २८ सप्टेंबर २०२२ला इयान वादळ त्याच किनाऱ्यावर आलं, म्हणून त्या दिवशी ही बोट नेमकी कुठे होती ते विचारा आणि विम्याचा दावा झाला होता का तेही. दोन हलना जोडणाऱ्या भागाच्या खालच्या बाजूचे जवळून काढलेले फोटो मागा, नव्या रंगाचा चौकोन दिसला की सर्व्हेयरला तिथेच जास्त वेळ द्यायला सांगा. पुष्कळ जेमिनींमध्ये फ्रिज प्रोपेन गॅसवर चालतो. विमा कंपनीला ते आधीच कळवा, नंतर अडचण नको. १०५ मॉडेल असेल तर डिझेल इंजिन एकच असतं आणि पाण्यातून वर उचलता येणाऱ्या ड्राइव्ह लेगवर, म्हणजे पंखा बसवलेल्या दांड्यावर, चालतं. सी-ट्रायलच्या (पाण्यात चालवून बघण्याच्या) वेळी तो लेग खालीवर करून, वळवून बघाच. मी स्वतः तिथे उभा राहिलो होतो, विमानाचं तिकीट काढून, आणि तुम्हीही जा. व्हिडिओवर डेकचा आवाज कळत नाही. हातोडीने ठोकताना जिथे टणक आवाज एकदम बसका होतो, तिथे खालचं लाकूड भिजलेलं असतं.

घरी ट्रकने न्यायचा विचार असेल तर १४ फूट रुंदीसाठी प्रत्येक राज्याचा परवाना लागतो आणि खर्च डोळे पांढरे करणारा असतो. मी तिला पूर्व किनाऱ्यावर आणून इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गाने, व्हर्जिनियातल्या नॉरफोकपर्यंत नेली. सेंटरबोर्ड, म्हणजे तळाखाली सोडायच्या फळ्या, वर घेतले की ही बोट जेमतेम दीड फूट पाण्यात तरंगते, त्यामुळे जॉर्जियाच्या उथळ पट्ट्यातही फारशी भीती वाटली नाही.

ऑफिशियल नंबर बोटीच्या आत कायमचा लावलेला असावा लागतो. ब्रोकरकडून त्याचा फोटो आज मागवा, त्या नंबरावर ॲबस्ट्रॅक्ट मागवा आणि आला की नावं झाकून इथे टाका, मी ओळीओळीने बघून सांगेन.