पिवळ्या पायांचा टिलवा

अनेक आशीर्वाद.

कळंबा तलावावरची तुझी नोंद तपासायला माझ्याकडे आली. ‘लाँग-टोड स्टिंट, एक, पाय पिवळे.’ म्हणजे लांब बोटांचा टिलवा, चिखलाच्या काठाने चरणारा चिमुकला पक्षी. एवढ्यावर मी ती मान्य करणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तोंड पाडून बसू नकोस. मान्य झाली नाही म्हणजे नोंद खोडली असं नसतं. ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या त्या संकेतस्थळावर, ती तुझ्या यादीत तशीच राहते, फक्त सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर येत नाही. नीट वर्णन जोडलंस तर मी ती पुन्हा बघेन.

घोडं अडलंय ते पायांपाशी. टेमिंकच्या टिलव्याचे पायही पिवळसरच असतात, आणि तो आपल्याकडे हिवाळ्यात गोड्या पाण्याच्या काठाला येतोच. लाँग-टोड पश्चिम महाराष्ट्रात क्वचित. तेव्हा कोल्हापुरात पिवळ्या पायांचा टिलवा दिसला की पहिला संशय टेमिंकवर घ्यायचा, आणि तो टेमिंक का नाही हे तू मला पटवून द्यायचंस.

पाठ कशी होती? टेमिंकची पाठ करडी-तपकिरी, फारशी नक्षी नसलेली. लांबून तो बुटकी सामान्य तुतारीच (कॉमन सँडपायपर) वाटतो. लाँग-टोडच्या पिसांचा मधला भाग गडद आणि कडा फिकट, त्यामुळे पाठ खवलेदार दिसते. छातीवर बारीक रेघा असतात, आणि मान ताणून उभं राहायची त्याला खोड आहे. उडताना टेमिंकच्या शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र दिसतात, लाँग-टोडच्या करड्या. शिवाय टेमिंक उडताना ‘तिर्रर्र’ करतो, तो ऐकलास का? यातलं काय दिसलं ते लिही, काय दिसलं नाही तेही लिही. ‘शेपटी दिसली नाही’ असं कुणी लिहिलं की माझा त्या माणसावर भरवसा बसतो.

पाय खरंच पिवळे होते का, हेही एकदा स्वतःला विचार. छोट्या टिलव्याचे पाय काळे, पण गाळ वाळून बसला की ते फिकट दिसतात. उलट टेमिंकचे पाय चिखलाने बरबटले की काळे. पक्षी उथळ पाण्यातून चालत बाहेर येतो तेव्हा पाय धुतलेले असतात, रंग तेव्हा बघायचा. मावळतीच्या उन्हातला रंग तर मी जमेसच धरत नाही.

हल्ली बरेच जण नेहमीच्या पक्ष्यांकडे दोन मिनिटं बघतात आणि दुर्मिळाच्या मागे लागतात. मला ते पटत नाही. छोटा टिलवा इतका बघ की त्याचा कंटाळा यावा. मग वेगळा पक्षी आपोआप डोळ्यात खुपतो. तुताऱ्यांचंही तेच. हिरवी आणि ठिपकेवाली तुतारी उडाल्या की पंखांची खालची बाजू बघ, हिरवीची जवळजवळ काळी, ठिपकेवालीची फिकट.

पाणलाव्यांत (स्नाइप) मात्र जात ठरवायचा हट्ट करू नकोस. उसाच्या पाटातून फडफडत उठलेल्याच्या पंखांची मागची कडा ठळक पांढरी असेल तर तो साधा पाणलावा. ती दिसलीच नाही, तर ‘पाणलावा, जात ठरली नाही’ अशी नोंद कर. ईबर्डवर तशी सोय आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वर्णन काठावर बसूनच लिही, पुस्तक उघडायच्या आधी. एकदा चित्र पाहिलं की न दिसलेल्या खुणाही दिसल्यासारख्या वाटायला लागतात. ‘मर्लिनने (पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपने) सांगितलं’ हा पुरावा धरता येत नाही.

त्या दिवशीचे फोटो असतील ते सगळे पाठव, मूळ आकारात, न कापता. धूसर असले तरी चालतील. पक्षी उडून जातानाचे खास हवेत मला, कारण शेपटीच्या कडा त्यातच सापडतील. वाया गेले म्हणून ते पुसून टाकले नसशील, एवढीच आशा.