मेंटेनर मदत मागतो आणि मग अ‍ॅक्सेस देत नाही?

प्रश्न: ऑफिसच्या कामात मी बरीच वर्षं एक छोटं ओपन सोर्स पॅकेज वापरतोय. ते एकटाच माणूस (मेंटेनर) सांभाळतो, त्याने लिहिलं की आता वेळ होत नाही, कोणीतरी मदतीला या. मी लगेच मेल केला की कमिट अ‍ॅक्सेस (मुख्य कोड थेट बदलायची परवानगी) द्या, मी बघतो सगळं. तर उत्तर आलं, ‘आधी काही पॅच (कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या) पाठवा, मग बघू.’ मदत मागायची आणि वर विश्वास ठेवायचा नाही, हे कसं?

उत्तर: राग येणं साहजिक आहे, पण त्याचं बरोबर आहे हो. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या कंटाळलेल्या मेंटेनरने असाच मेल करणाऱ्या एका अनोळखी माणसाला पब्लिश करायचे हक्क देऊन टाकले, आणि त्याने हळूच एक डिपेंडन्सी (पॅकेज ज्यावर अवलंबून असतं असं दुसरं पॅकेज) घुसवली जी बिटकॉइन वॉलेटमधून चोरी करायला लिहिलेली होती. एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलचं तर त्याहून भारी, तिथे ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोनेक वर्षं व्यवस्थित काम करून विश्वास कमावला, मध्ये दुसऱ्या नावांनी दमलेल्या मेंटेनरवर ‘नवीन माणूस घ्या’ म्हणून दबावही आला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० व्हर्जनमध्ये बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची वाट) टाकला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची पद्धत) लॉगिन अर्ध्या सेकंदाने स्लो वाटलं म्हणून! आता सांगा, बाहेरून बघणाऱ्याला तुमचा मेल आणि तसला मेल यात काय फरक दिसणार?

बरं, अ‍ॅक्सेसशिवायही ढीगभर काम आहे. जुने इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी) उघडा, नवीन व्हर्जनवर तो बग अजून येतो का बघा, येत असेल तर चार ओळींचा कोड लिहून दाखवा, येत नसेल तर तसं लिहा म्हणजे मेंटेनरला तो इश्यू बंद करता येईल. हे कंटाळवाणं आहे म्हणूनच पडून असतं, आणि मेंटेनरचा निम्मा जीव यातच जातो. इतरांचे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये घ्यायला पाठवलेले बदल) चालवून बघा, टेस्ट लिहा. आल्या आल्या सगळा कोड फॉरमॅट करून हजार ओळींचा पीआर मात्र टाकू नका, तो वाचायलाही त्यालाच बसावं लागतं (हे करणारे उत्साही वीर दर प्रोजेक्टला भेटतात).

ऑफिसचं काँट्रॅक्टही बघून घ्या, काही ठिकाणी घरी लिहिलेल्या कोडवरही कंपनी हक्क सांगते. पॅकेज कंपनीच वापरतेय तर आठवड्याला दोन तास मागायला लाजू नका, फारतर नाही म्हणतील.

आणि त्याला आत्ताच खरं सांगा की किती वेळ देऊ शकता. ‘सगळं बघतो’ म्हणून महिन्याभरात गायब होणारे त्याने भरपूर पाहिले असतील.