वाचकांचे प्रश्न: एक्सएमएलची परीक्षा दीड महिन्यावर, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी मूळची नाशिकची, सध्या पुण्यात बँकिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीत सपोर्टला आहे. मॅनेजर म्हणाले एक्सएमएलचं (टॅग लावून माहिती लिहायची पद्धत) सर्टिफिकेशन कर म्हणजे डेव्हलपमेंट टीममध्ये घेता येईल. परीक्षा दीड महिन्यावर आलीये आणि एका मैत्रिणीने ४०० प्रश्नोत्तरांची पीडीएफ पाठवलीये, ती पाठ केली तर चालेल का? सिलॅबसमध्ये डीटीडी, स्कीमा, एक्सपाथ, एक्सएसएलटी, डॉम, सॅक्स सगळंच आहे, बघूनच घाबरायला होतं.

उत्तर: पीडीएफ बाजूला ठेव बाई, अगदी मनापासून सांगते. अशा पीडीएफांमध्ये उत्तरंसुद्धा चुकीची असतात आणि चुकीचं पाठ झालं की ते डोक्यातून जाता जात नाही. आधी सिलॅबसमध्ये व्हर्जन कुठलं ते बघ, कारण एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूप बदलणारी भाषा) आणि एक्सपाथ (फाईलमधला हवा तो भाग शोधायची भाषा) यांचं १.० हे १९९९ चं आणि २.० आलं २००७ मध्ये, दोन्हीत फरक बराच आहे. जुनी पुस्तकं १.० धरूनच लिहिलेली असतात. एक्सएसएलटी चालवणाऱ्या टूलचंही तसंच, एक्सएसएलटीप्रोक फक्त १.० चालवतं, पुढचं हवं असेल तर सॅक्सन या टूलची फुकट मिळणारी एचई आवृत्ती घे.

आता सराव. एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीत चालतात, म्हणून मी नेहमी सांगते की पहिली फाईल मराठीतच टाईप कर, हाताने, कॉपी-पेस्ट नको. बाहेर शाळा, आत दोन वर्ग, प्रत्येक वर्गात तीन विद्यार्थी. आता एक्सपाथमध्ये //विद्यार्थी[1] लिहिलं तर किती जण मिळतील? रन करायच्या आधी वहीत उत्तर लिही. बहुतेक जण एक म्हणतात, पण मिळतात दोन, प्रत्येक वर्गातला पहिला, कारण तो [1] ज्याच्या त्याच्या पालकापुरता, म्हणजे लगेच बाहेरच्या टॅगपुरता, मोजला जातो. अख्ख्या फाईलमधला पहिला हवा असेल तर (//विद्यार्थी)[1] असा कंस घालावा लागतो.

मग त्याच फाईलमध्ये शाळा या टॅगवर डिफॉल्ट नेमस्पेस (आतली सगळी नावं कुठल्या गटातली ते सांगणारी खूण) टाक आणि तोच एक्सपाथ परत चालव. काहीच मिळणार नाही, एररसुद्धा नाही! मी स्वतः इथे दोन दिवस अडकले होते, स्पेलिंगच तपासत बसले. एक्सपाथ १.० मध्ये प्रीफिक्स (नावाआधी लावायचं छोटं नाव) नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव, त्यामुळे शा सारखा एखादा प्रीफिक्स त्या नेमस्पेसला बांधून //शा:विद्यार्थी लिहायचं. आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाहीये, आपली आरटीजीएस २०१३ पासून आयएसओ २००२२ या बँकिंग मानकाचे मेसेज वापरते, ते एक्सएमएलच असतात, आणि त्यांच्यात सहसा डिफॉल्ट नेमस्पेस असतो, म्हणजे तुझ्या रोजच्या कामातलंच आहे हे.

पहिले तीन आठवडे वेल-फॉर्म्ड (टॅगची मांडणी बरोबर) आणि व्हॅलिड (शिवाय स्कीमा किंवा डीटीडीचे नियमही पाळलेली) यातला फरक, नेमस्पेस आणि एक्सपाथ यांनाच दे. हे पक्कं झालं की एक्सएसएलटी निम्मं सोपं होतं. तिथे एकच गंमत करून बघ, एकही टेम्पलेट (कुठल्या टॅगचं काय करायचं तो नियम) नसलेली स्टाईलशीट, म्हणजे एक्सएसएलटीची फाईल, त्या शाळेच्या फाईलवर चालव, सगळ्या पोरांची नावं सलग बाहेर येतील, ते बिल्ट-इन नियमांमुळे, मग टेम्पलेट कशासाठी लिहायचं ते आपोआप कळतं. स्कीमात, म्हणजे फाईलची रचना ठरवणाऱ्या नियमांत, मिनऑकर्स आणि मॅक्सऑकर्स (टॅग कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वेळा) काही लिहिलं नाही तर दोन्ही १ धरले जातात, हे विसरू नकोस. डीटीडी ही तसल्याच नियमांची जुनी पद्धत, ती वाचता आली तरी भागतं. प्रोग्रॅममधून फाईल वाचायच्या दोन पद्धती, डॉम अख्खी फाईल मेमरीत घेतो आणि सॅक्स वाचत वाचत पुढे जातो, हा फरक उदाहरणासकट सांगता येईपर्यंत एक संध्याकाळ दे, बास.

आणि हो, सरावासाठी ऑफिसातल्या खऱ्या फाईली घरी आणू नकोस, त्यात लोकांचे खातेनंबर असतात. कुठे अडलीस तर तुझी शाळेची फाईल पाठव, मी बघेन.