ड्रेनच्या पाण्यात प्रोटीन ११० आलं, म्हणजे दीर शुद्धीवर येणार नाहीत का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दीर स्कूटरवरून पडले, पाच दिवस आयसीयूत आहेत, डोक्यात ड्रेन (मेंदूच्या पोकळीतलं पाणी बाहेर काढणारी नळी) घातलाय आणि त्या पाण्याच्या रिपोर्टवर ‘प्रोटीन ११०’ ठळक अक्षरांत आलंय. त्यात नेटवर वाचलंत की पाण्यातल्या प्रोटीनवरून मेंदूला किती इजा झाली ते कळतं. मी वडोदऱ्यातच बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये २१ वर्षं काम करते. तुम्ही वाचलेली प्रोटीन्स वेगळी आणि रिपोर्टवरचा हा आकडा वेगळा.

११० हा सगळ्या प्रोटीनचा मिळून आकडा आहे. हेच पाणी पाठीच्या कण्यातून काढलं तर त्यात तो दर १०० मिलिलिटरमागे साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम असतो, मेंदूच्या पोकळीतल्या पाण्यात त्याहून कमी. रक्तात मात्र ६००० ते ८०००! थोडं रक्त मिसळलं तरी आकडा चढतो, आणि डोक्याला मार लागल्यावर ते मिसळतंच. आमच्याकडे अशा नमुन्याची नळी येते तेव्हा पाणी गुलाबी असतं. सेंट्रिफ्यूजमधून (गरागरा फिरवणाऱ्या यंत्रातून) काढली की तळाला लाल ठिपका बसतो आणि वरचं पाणी कधी कधी पिवळसर राहतं. ते पिवळेपण फुटलेल्या रक्तपेशींचं.

तुम्ही वाचलीत ती जीएफएपी, यूसीएच-एल१, टाऊ, न्यूरोफिलामेंट ही. मेंदूच्या पेशींना इजा झाली की ती पाण्यात उतरतात. ती इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की मोजायला निराळी किट लागतात, नेहमीच्या ‘प्रोटीन’च्या ओळीत ती दिसत नाहीत. संशोधनात आकडा जास्त असलेल्यांची तब्येत सरासरीने जास्त बिघडलेली दिसते, पण त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल१ च्या रक्ततपासणीला मंजुरी मिळाली, तीही किरकोळ मारात सीटी स्कॅन करायचा की नाही हे ठरवायला.

माझ्या मामांच्या वेळी नमुना मीच मशीनवर लावला होता. आकडा पाहून हातपाय गार पडले. आठवडाभर त्या आकड्याच्याच मागे होते, डॉक्टर राउंडला काय सांगत होते ते धड ऐकलंच नाही. ते अजून मनाला लागून आहे. मामा तीन आठवड्यांनी बोलले.

म्हणून उद्या सकाळी हे विचारा: कोमा स्केलमध्ये (शुद्ध किती आहे ते मोजायच्या मापात) हालचालीचा स्कोअर ६ पैकी किती, काल किती होता? दोन्ही बाहुल्या उजेडाला आकसतात का? डोक्यातला दाब किती? पाण्याचा नमुना पुन्हा पुन्हा पाठवतात तो मुख्यतः संसर्ग शोधायला, तेव्हा पेशी, साखर आणि कल्चरचं (जंतू वाढतात का ते पाहायच्या तपासणीचं) काय आलं तेही विचारा. पाठीतूनही पाणी काढा असा हट्ट मात्र धरू नका. डोक्यात दाब वाढलेला असताना ते जिवावर बेतू शकतं.

आणि ताई, ड्रेनच्या नळीची उंची कानाच्या पातळीला मोजून लावलेली असते. उशी सारायची असो की पलंग वर करायचा असो, आधी सिस्टरना हाक मारा, त्यांना नळी बंद करू द्या.