परग्रह दिसतच नाही, मग त्याचं तापमान कसं कळतं? आणि कोल्हापुरातून यातलं काही मोजता येईल का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. ज्या परग्रहाचा, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा, साधा फोटोही नाही, त्याचं तापमान हजारभर अंश आहे असं कशाच्या जोरावर सांगतात, हा पहिला. कोल्हापुरात राहून, घरच्या दुर्बिणीने यातलं काही मोजता येईल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर 'अर्धं हो' असं आहे. ते अर्धं का, हे पहिला भाग समजला की कळतं, म्हणून तोच आधी घेतो.

उदाहरणाला एकच ग्रह धरू, एचडी १८९७३३ बी. जंबुक तारकासमूहात, सुमारे ६४ प्रकाशवर्षांवर आहे. २००५ साली सापडला. गुरूपेक्षा किंचित मोठा, पण बुध सूर्यापासून जितका लांब आहे त्याच्या साधारण बाराव्या हिश्श्यावरून स्वतःच्या ताऱ्याभोवती फिरतो. त्याचं वर्ष २.२ दिवसांत संपतं! अशा ग्रहांना 'तप्त गुरू' म्हणतात.

हा ग्रह ताऱ्यासमोरून गेला की होतं अधिक्रमण. २०१२ च्या जूनमध्ये शुक्र सूर्यबिंबावरून गेला, तोच प्रकार. शुक्राने तेव्हा सूर्याचा जेमतेम ०.१ टक्का प्रकाश अडवला होता. हा ग्रह त्याच्या ताऱ्याचा सुमारे २.४ टक्के प्रकाश जवळपास पावणेदोन तास अडवतो. ताऱ्याच्या तबकडीचा तेवढा भाग ग्रहाने झाकला, एवढाच याचा अर्थ. म्हणजे अधिक्रमणातून ग्रहाचा आकार मिळाला. तापमानाबद्दल अजून काहीच कळलेलं नाही, कारण आपल्याकडे तोंड करून आहे ती त्याची रात्रीची बाजू.

खरी गंमत अर्ध्या फेरीनंतर आहे. ग्रह ताऱ्यामागे जातो, त्याचं पिधान होतं. मागे जाण्याच्या जरा आधी आपल्याला तारा आणि ग्रहाची पूर्ण उजळलेली दिवसाची बाजू, असा दोन्हींचा मिळून प्रकाश येत असतो. ग्रह मागे गेला की उरतो निव्वळ तारा. आधीच्या आकड्यातून नंतरचा आकडा वजा केला की उरतो ग्रहाचा प्रकाश. ग्रह वेगळा दिसला नाही, तरी त्याचा प्रकाश वेगळा काढता आला. मला या सगळ्या शास्त्रातली ही वजाबाकी सगळ्यात सुंदर वाटते. पूर्ण फेरीत निव्वळ तारा किती प्रकाश देतो, हे नेमकं सांगणारा हा एकच काळ असतो. वेळेनुसार तेजाचा आलेख काढला तर त्यातही फरक दिसतो. ताऱ्याची तबकडी कडेला मंद असते, त्यामुळे अधिक्रमणाच्या खड्ड्याचा तळ गोलसर येतो. पिधानाचा तळ सपाट असतो.

आता तापमान. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने ८ मायक्रॉनच्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात या ग्रहाचं पिधान मोजलं. घट आली सुमारे ०.३४ टक्के. हिला अधिक्रमणाच्या २.४ टक्क्यांनी भागा, साधारण एक सप्तमांश येतं. म्हणजे ताऱ्याच्या आणि ग्रहाच्या तबकडीवरचा सारखाच तुकडा घेतला, तर या तरंगलांबीला ग्रहाचा तुकडा ताऱ्याच्या एक सप्तमांश तेजस्वी आहे. ताऱ्याचं तापमान सुमारे ५००० केल्विन, ते वर्णपटावरून ठाऊक आहे. कोणत्या तापमानाची वस्तू कोणत्या तरंगलांबीला किती तळपते हे प्लँक या शास्त्रज्ञाच्या सूत्रातून मिळतं. सगळं घालून उत्तर येतं सुमारे १२०० केल्विन, म्हणजे नऊशे अंश सेल्सिअसच्या वर. तुम्ही विचारलेलं 'कशाच्या जोरावर' ते हे: दोन घटी, एक भागाकार आणि शंभरेक वर्षं जुनं सूत्र.

हेच दृश्य प्रकाशात का करत नाहीत? करतात, पण तिथे घट फारच बारीक असते आणि एक अडचणही आहे. आलेला प्रकाश ग्रहाच्या स्वतःच्या उष्णतेचा, की ताऱ्याचा परावर्तित झालेला, हे एका तरंगलांबीच्या आकड्यावरून सांगता येत नाही. दोन-चार वेगवेगळ्या रंगांत मोजावं लागतं. हबल अवकाश दुर्बिणीने याच ग्रहाचं पिधान निळ्या आणि हिरव्या प्रकाशात पाहिलं, ते निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. निळ्यात घट मिळाली, हिरव्यात जवळजवळ काहीच नाही. म्हणजे हा ग्रह निळा प्रकाश परतवतो, त्याचा रंग गडद निळा. कीऑप्स या युरोपीय दुर्बिणीने २०२० मध्ये वास्प १८९ बी या ग्रहाचं पिधान मोजलं, तेव्हा घट होती दशलक्षात सुमारे ८८ भाग. त्यावरून दिवसाच्या बाजूचं तापमान निघालं ३२०० अंश सेल्सिअसच्या आसपास.

एक गोष्ट मात्र नशिबावर आहे. हे सगळं घडायला ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असावी लागते. अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत पोचायला सूर्य, महाद्वार आणि गाभारा एका रेषेत यावे लागतात, सूर्य जरा सरकला की किरण भिंतीवर जातात, तसंच हे. तप्त गुरू ताऱ्याच्या इतके जवळ असतात की दहातला एखादा तरी रेषेत सापडतो. आपल्या गुरूसारखा लांबचा ग्रह असेल तर ही शक्यता हजारात एक.

नुसतं तापमानच नाही, नकाशाही निघतो. स्पिट्झरने या ग्रहाकडे सलग ३३ तास नजर लावली आणि २००७ मध्ये त्याचा पहिला ढोबळ तापमान-नकाशा प्रसिद्ध झाला. सगळ्यात तापलेली जागा ताऱ्याच्या बरोबर समोर नव्हती, पूर्वेला सरकलेली होती. कारण तिथले प्रचंड वारे उष्णता वाहून नेतात. परग्रहांच्या हवामानशास्त्राची ही सुरुवात एका ठिपक्याच्या तेजाच्या चढ-उतारातून झाली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि पिधानाची वेळ. कक्षा वर्तुळाकार असेल तर पिधान दोन अधिक्रमणांच्या बरोबर मध्ये यायला हवं, पण या ग्रहाचं सुमारे अर्धा मिनिट उशिरा दिसतं, कारण कक्षेच्या पलीकडच्या टोकाहून निघालेल्या प्रकाशाला कक्षा ओलांडायला तेवढा वेळ लागतो. वास्प १२ बी या ग्रहाच्या बाबतीत तर वेळांनीच निकाल लावला. त्याची अधिक्रमणं हळूहळू लवकर येऊ लागली होती. लंबगोल कक्षेची दिशा नुसती फिरत असती तर अधिक्रमणं लवकर आणि पिधानं उशिरा आली असती. दोन्ही लवकर येताना दिसली. म्हणजे ग्रह खरोखरच ताऱ्याकडे ओढला जातो आहे, त्याचा सुमारे २६ तासांचा फेरा दरवर्षी २९ मिलिसेकंदांनी आखूड होतो आहे.

आता कोल्हापूर. एचडी १८९७३३ बी चं अधिक्रमण इथून नक्की मोजता येतं. त्याचा तारा ७.७ प्रतीचा आहे (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप), डंबबेल तेजोमेघाच्या म्हणजे एम २७ च्या अगदी शेजारी, त्यामुळे शोधायला सोपा. आपल्याकडे तो खमध्यापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम सहा अंश उत्तरेकडून जातो, हे आपलं भाग्य, कारण डोक्यावर हवेचा थर सगळ्यात पातळ. मध्यरात्री डोक्यावर येतो तो जुलैमध्ये, म्हणजे ऐन पावसात, ते सोडून द्या. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात अंधार पडताच तो माथ्याच्या जरा पश्चिमेला असतो आणि साडेदहापर्यंत चांगल्या उंचीवर राहतो. आधी-नंतरचा थोडा वेळ धरून अधिक्रमण बसवायला एवढं पुरतं. पण सोयीच्या वेळी पडणारी अधिक्रमणं हंगामात मोजकीच, तारखा आधी काढून ठेवा.

सहा-आठ इंची दुर्बीण, ताऱ्यामागे फिरणारा माउंट (दुर्बिणीची बैठक) आणि डीएसएलआर कॅमेरा पुरे. फोकस मुद्दाम थोडा बिघडवा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो आणि एखाद्या पिक्सेलच्या दोषाने आकडा हलत नाही. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइलच घ्या, जेपीईजी नको. त्याच चौकटीतले, साधारण तेवढेच तेजस्वी दोन-तीन तारे तुलनेला धरा. गळीत हंगाम सुरू झाला की पाचट पेटवल्याचा धूर आकाशात थर धरतो. तो सगळीकडे सारखा असेल तर तुलनेत निघून जातो, पण सरकता पट्टा आला तर आलेखात खोटा खड्डा पडतो. मी यासाठी पन्हाळ्याकडे जातो. दिवे कमी आणि धुराचा त्रासही कमी. नोव्हेंबरात भिंगावर दव धरतं, हीटरची पट्टी बरोबर ठेवा. मोजमापं नासाच्या एक्सोप्लॅनेट वॉच उपक्रमाला पाठवता येतात. हौशी लोकांनी मोजलेल्या अधिक्रमणांच्या वेळा तिथे खरोखर वापरल्या जातात.

या ग्रहाचं पिधान मात्र इथून जमणार नाही. दृश्य प्रकाशात घट ०.०१ टक्क्याच्या घरातली, आणि हवेतल्या लुकलुकण्यानेच आकडे त्याच्या कितीतरी पट हलतात. पण पिधान मोजायचंच असेल तर ययाती समूहातला अल्गॉल घ्या. ते ग्रह-ताऱ्याचं नाही, दोन ताऱ्यांचं जोडपं आहे, भूमिती मात्र हीच. दर २.८७ दिवसांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोर येतो तेव्हाचा खोल खड्डा नुसत्या डोळ्यांनी कळतो. त्यानंतर साधारण दीड दिवसाने मंद तारा मागे जातो, तेव्हाची उथळ घट डोळ्याला कळत नाही, डीएसएलआरला कळते. नोव्हेंबरच्या रात्री तो छान वर असतो. आधी त्याच्यावर हात बसवा, मग जंबुकाकडे वळा.