शोधताना नाव नको, क्रमांक धरा. मग प्रमाण बघा

फरशी पुसायच्या द्रवाच्या लेबलवर ‘मिथाइलआयसोथियाझोलिनोन’ (द्रव खराब होऊ नये म्हणून घालतात ते रसायन, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह) दिसलं, शोधलं तर एकीकडे ‘विषारी’ आणि दुसरीकडे ‘सुरक्षित’ असं लिहिलेलं, मग मानायचं काय, असा तुमचा प्रश्न आहे. दोन्ही बरोबर असू शकतं. एक जण शुद्ध पदार्थाबद्दल बोलतोय, दुसरा बाटलीतल्या चिमूटभर प्रमाणाबद्दल.

सगळ्यात आधी सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळवा. नावं फसवतात. सोडियम लॉरिल सल्फेट (१५१-२१-३) आणि सोडियम लॉरेथ सल्फेट (९००४-८२-४) ही दोन वेगळी रसायनं आहेत. पहिलं त्वचेला जास्त झोंबतं. दुसरं त्यामानाने सौम्य, पण ते तयार होताना १,४-डायऑक्सेनचा (कर्करोगाचा संशय असलेल्या रसायनाचा) अंश त्यात राहू शकतो. तो कोणी मुद्दाम घातलेला घटक नसल्यामुळे लेबलवर येत नाही. एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर खपवलेली सर्रास सापडते.

क्रमांक नीट उतरवला का, तेही तपासता येतं, कारण शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. तुमच्या घटकाचा क्रमांक २६८२-२०-४. शेवटचा ४ बाजूला ठेवा आणि उरलेले आकडे उजवीकडून १, २, ३ असे गुणत चला: ०×१, २×२, २×३, ८×४, ६×५, २×६. बेरीज ८४, एककस्थानी ४. जुळलं. नाही जुळलं तर कुठेतरी आकडा चुकलाय.

आता सेफ्टी डेटा शीट, म्हणजे कंपनीने दिलेली धोके आणि घटकांची माहितीपत्रिका. ती त्याच उत्पादनाची हवी, कच्च्या रसायनाची नको. निम्मा घोळ इथेच होतो. शुद्ध सायट्रिक अॅसिडच्या शीटवरसुद्धा ‘डोळ्यांना तीव्र जळजळ’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून अर्धा टक्का सायट्रिक अॅसिड असलेल्या द्रवाला घाबरणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. शीटचे १६ भाग असतात. घरगुती वापरासाठी २ (धोके), ३ (घटक), ९ (पीएच, म्हणजे द्रव किती आम्ल किंवा अल्कली आहे) आणि १० (कशाशी अभिक्रिया होते) आधी वाचा. भाग ३ मध्ये एखादं नाव नाही म्हणजे ते बाटलीत नाहीच, असं धरू नका. ठरावीक मर्यादेखालचे घटक तिथे दाखवावे लागत नाहीत. ही मर्यादा बऱ्याच धोक्यांसाठी १ टक्का आणि कर्करोगकारकांसाठी ०.१ टक्का असते. प्रिझर्व्हेटिव्ह त्याहून कितीतरी कमी असू शकतात, म्हणून कंपनीची पूर्ण घटकयादी वेगळी मागवा.

तुमच्या घटकाचा मुख्य धोका विषबाधेचा नाही, त्वचेच्या अॅलर्जीचा आहे. युरोपीय नियमांत हा घटक ०.००१५ टक्के, म्हणजे किलोला १५ मिलिग्रॅम, किंवा त्याहून जास्त असलेलं मिश्रण ‘त्वचेला अॅलर्जी आणणारं’ ठरतं. धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांनाही हीच कमाल मर्यादा आहे, आणि त्वचेवर राहणाऱ्या क्रीमसारख्या वस्तूंत तर तो चालतच नाही. द्रवात १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५, म्हणजे तेच किलोला १५ मिलिग्रॅम) आहे असं धरा. २० मिलिलिटरचं टोपण ५ लिटर पाण्यात ओतलं की तो सुमारे २५० पट पातळ होतो, ०.०६ पीपीएमच्या आसपास. पण तेच द्रव न पातळ करता उघड्या हाताने डागावर चोळलं तर पूर्ण १५ पीपीएम त्वचेला लागतं. हातमोजे लागतात ते तिथे. एकदा अॅलर्जी जडलेल्या माणसाला मात्र १५ पेक्षा कमी प्रमाणही पुरतं. अशा काही लोकांना ताज्या रंगवलेल्या खोलीत नुसत्या हवेतूनही त्रास झाल्याची नोंद आहे, कारण पाण्यात मिसळणाऱ्या रंगांतही हाच घटक वापरतात. त्यामुळे हिशेब करताना किती प्रमाण, कुठल्या वाटेने आणि कुणाला, हे तिन्ही धरा.

‘आयएआरसीने कर्करोगकारक ठरवलंय’ हे वाक्य दिसलं की थांबा. जागतिक आरोग्य संघटनेची ही कर्करोग संशोधन संस्था पुरावा किती पक्का आहे ते सांगते, किती प्रमाणात किती धोका ते नाही. प्रक्रिया केलेलं मांस आणि तंबाखू दोन्ही तिच्या गट १ मध्ये (पुरावा पक्का) आहेत, म्हणून दोन्ही सारखे घातक ठरत नाहीत. प्रमाणाबद्दल वाचायचं तर युरोपच्या एससीसीएस या ग्राहक-सुरक्षेच्या वैज्ञानिक समितीचे अभिप्राय आणि ईसीएचए या युरोपीय रसायन संस्थेचा माहितीसाठा बघा. पबकेम हा रसायनांचा अमेरिकी ऑनलाइन माहितीसाठा सुरुवातीला बरा, पण तिथली धोकाचिन्हंही बहुतेक शुद्ध पदार्थाची असतात.

शाम्पू-क्रीमच्या यादीसाठी एक युक्ती. घटक उतरत्या प्रमाणात लिहितात, १ टक्क्याखालचे मात्र कुठल्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सीइथेनॉल या नेहमीच्या प्रिझर्व्हेटिव्हला युरोपात कमाल १ टक्का परवानगी आहे. तेव्हा त्याच्या नंतर जे काही येतं ते बहुधा १ टक्का किंवा त्याहून कमी.

आणि इतका वेळ या अतिसूक्ष्म प्रिझर्व्हेटिव्हवर घालवताना भाग ९ आणि १० विसरू नका. पीएच २ किंवा त्याखाली, नाहीतर ११.५ किंवा त्यावर असेल तर ते द्रव त्वचा-डोळे जाळू शकतं. ब्लीचमध्ये आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन. हा त्रास काही मिनिटांत होतो, त्यासाठी कुठलाही साठा धुंडाळावा लागत नाही. दोन्ही बाटल्यांची शीट शेजारी ठेवून भाग १० वाचला तरी पुरतं.